‘सी.आय.डी.’चं मराठी आजोळ आणि हरवलेलं कोर्ट

आजच्या भागात थोडा इतिहास आहे, आणि तोही आपल्या घरातल्या टीव्हीचा.

मिसिसागातल्या कुठल्याही मराठी घरात जा आणि नुसतं ‘दया’ म्हणा. समोरचा माणूस लगेच दार तोडायची गोष्ट काढणार. ज्या मुलांचा जन्म क्रेडिट व्हॅलीच्या हॉस्पिटलात झाला, ज्यांना ‘ळ’ म्हणायला जड जातो, त्यांनाही एसीपी प्रद्युम्न यांचा हवेत फिरणारा हात माहीत असतो. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले की संध्याकाळी बेसमेंटमध्ये हीच मालिका लागते आणि तीन पिढ्या एका सोफ्यावर बसतात. असं भाग्य फार थोड्या कार्यक्रमांना मिळालं.

नटांबद्दल आपण पुष्कळ बोलतो. आज बोलायचंय ते ज्यांनी ही मालिका उभी केली त्यांच्याबद्दल, म्हणजे बी. पी. सिंग आणि त्यांचे भागीदार प्रदीप उप्पूर या दोन निर्मात्यांबद्दल. आडनावं मराठी नाहीत. पण त्यांच्या कामाचं आजोळ शोधायला गेलं, तर आपण थेट वरळीला आणि मराठी कथा-कादंबऱ्यांपाशी पोहोचतो. आणि त्या आजोळातली एक गोष्ट पुढे वाटेत राहून गेली. ती कुठली, हेही पाहू.

2 ऑक्टोबर 1972. त्या दिवशी मुंबईचं दूरदर्शन केंद्र सुरू झालं. दिल्लीनंतर देशातलं हे दुसरंच. चाळीत एखाद्याकडे टीव्ही असायचा आणि अख्खा मजला त्याच्या दारात बसायचा, हे आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कॅमेऱ्याचं शिक्षण घेतलेले बी. पी. सिंग 1973 मध्ये या केंद्रात बातम्यांचे कॅमेरामन म्हणून लागले. जवळजवळ दहा वर्षं त्यांनी ते काम केलं.

बातम्यांचा कॅमेरामन म्हणजे शहराच्या मागे धावणारा माणूस. आग लागली, पूल पडला, कुठे खून झाला, तर पोलिसांच्या पाठोपाठ तो तिथे पोहोचणार. पंचनामा कसा होतो, हवालदार गर्दी कशी हटवतो, गुन्हे शाखेचा अधिकारी खोलीत शिरल्यावर आधी कुठे बघतो, हे सगळं सिंग यांनी कॅमेऱ्यातून पाहिलं. त्यातूनच त्यांचा पोलिसांशी परिचय वाढला आणि तपासाच्या गोष्टीची गोडी लागली. दूरदर्शनची नोकरी सोडल्यावर त्यांनी ‘सिर्फ चार दिन’ हा रहस्यपट केला आणि पुढे मुंबई दूरदर्शनसाठी एक मराठी मालिका केली. तिचं नाव ‘एक शून्य शून्य’.

हे नाव इथल्या मुलांना सांगताना थोडं समजवावं लागतं. आपल्याकडे इथे 911, तसा तिकडे पोलिसांचा नंबर होता 100. आता 112 आला असला तरी पन्नाशीपुढच्या मुंबईकराच्या बोटांना अजून 100 च आठवतो. मुंबईच्या पोलिसांचं काम दाखवणारी ही मालिका होती, आणि तिच्यात सिंग यांना भेटले शिवाजी साटम. सेंट्रल बँकेत कॅशियर असलेला आणि मराठी रंगभूमीवर तयार झालेला हा नट. चेहरा असा की स्टेशनवर शेजारी उभा राहिला तर आपल्याला वाटावं, हे आपल्याच बिल्डिंगमधले काका. सिंग यांनी हा चेहरा लक्षात ठेवला.

ही मालिका ज्या प्रेक्षकांसमोर आली, त्यांची गुन्हेकथेची तयारी आधीपासून झालेली होती. बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांनी दोन-तीन पिढ्या पोसल्या होत्या. झुंजार आणि काळापहाड यांची नावं वाचनालयाच्या काउंटरवर रोज ऐकू यायची. त्यांच्यानंतर सुहास शिरवळकर आले. त्यांचा बॅरिस्टर अमर विश्वास हा तर वकीलच. पोलिसांनी ज्याला आत टाकलं त्याच्या बाजूने उभं राहून कोर्टात सत्य शोधणारा. म्हणजे ‘पोलिसांनी पकडला तो गुन्हेगारच’ असं गृहीत न धरणारा नायक मराठी वाचकाला परका नव्हता.

रंगभूमीवर तर कोर्टाने आधीच ठाण मांडलं होतं. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ 1962 मध्ये आलं. एका खऱ्या फसवणुकीच्या खटल्यावर बेतलेलं हे नाटक सगळंच्या सगळं कोर्टात घडतं. साक्षीदार पिंजऱ्यात येतो, मंच फिरतो आणि त्याची हकिकत आपल्यासमोर उभी राहते. लखोबा लोखंडे गुन्हेगार आहे हे प्रेक्षकाला दिसत असतं, पण ते कोर्टात सिद्ध करायला एकेक साक्ष लागते. नाटकाची सगळी गंमत त्या सिद्ध करण्यातच आहे. पाच वर्षांनी, 1967 मध्ये, विजय तेंडुलकरांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये उलटी बाजू दाखवली. खेळातलं, लुटुपुटीचं कोर्ट एका बाईचा खराखुरा बळी कसा घेतं, ती बाजू. कोर्टाची ताकद आणि कोर्टाचा धोका, दोन्ही मराठी प्रेक्षकाने तिकीट काढून पाहिले होते.

आता दुसरे भागीदार, प्रदीप उप्पूर. यांची कारकीर्द ऐकली की आपल्याला आश्चर्य वाटेल. मनमोहन शेट्टी यांच्याबरोबर त्यांनी 1981 मध्ये ‘चक्र’ हा चित्रपट काढला. मूळ कादंबरी जयवंत दळवींची. झोपडपट्टीतल्या त्या कथेसाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि 1983 मध्ये याच दोघांनी काढला ‘अर्धसत्य’.

‘अर्धसत्य’ची सगळी हाडं मराठी आहेत. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, ‘सूर्य’ नावाची. पटकथा तेंडुलकरांची. दिग्दर्शक गोविंद निहलानी. खलनायक रामा शेट्टी झाले सदाशिव अमरापूरकर. आणि नायक सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर, म्हणजे ओम पुरी, ज्यांना या भूमिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वेलणकर प्रामाणिक आहे, पण वरचे आणि बाहेरचे सगळे मिळून त्याचे हात बांधतात. मनातला तो संताप शेवटी कोठडीत बाहेर पडतो. एका किरकोळ संशयिताला तो मारत सुटतो, आणि तो माणूस मरतो. तिथून वेलणकरच्या आयुष्याची घसरण थांबत नाही. पोलिसाने कोठडीत उचललेला हात कुठपर्यंत जाऊ शकतो, हे त्या चित्रपटाने कसलाही उपदेश न करता दाखवलं.

ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण आता आपण पंधरा वर्षं पुढे जाणार आहोत.

नव्वदच्या दशकात खासगी वाहिन्या आल्या. सिंग आणि उप्पूर यांच्या फायरवर्क्स या संस्थेने सोनी वाहिनीसाठी आधी ‘आहट’ ही भयकथांची मालिका केली, 1995 मध्ये. आणि 21 जानेवारी 1998 ला ‘सी.आय.डी.’चा पहिला भाग लागला. कल्पना सुचण्यापासून पडद्यावर येईपर्यंत मधे बरीच वर्षं गेली होती. एसीपी प्रद्युम्नच्या भूमिकेसाठी सिंग यांनी ‘एक शून्य शून्य’मधल्या त्याच ओळखीच्या चेहऱ्याला बोलावलं. सुरुवातीच्या काळात श्रीधर राघवन यांनी लेखन केलं. ‘लगान’ करण्यापूर्वीचे आशुतोष गोवारीकर इन्स्पेक्टर वीरेंद्र होते. अश्विनी काळसेकरही होत्या. पुढे आदित्य श्रीवास्तव, दयानंद शेट्टी, नरेंद्र गुप्ता आणि आपले दिनेश फडणीस आले, आणि चमू पक्का झाला.

माझा व्यवसाय आयटीचा. त्यात व्यवस्थापन शिकलेलो, त्यामुळे माझी नजर आधी उत्पादनाच्या रचनेकडे जाते. या मालिकेची रचना एखाद्या उत्तम कारखान्यासारखी होती. जागा मोजक्या, म्हणजे ब्यूरो, प्रयोगशाळा आणि त्या आठवड्याचं घटनास्थळ. कायमची माणसं सात-आठ. प्रत्येक भागात नवा मृतदेह आणि नवे चार संशयित. मागचा भाग चुकला तरी बिघडत नाही, कारण गोष्ट त्याच भागात संपते. सासू-सुनांच्या मालिकांमध्ये एक लग्न महिनाभर चालायचं, त्या काळात हे मोठंच सुख होतं. शिवाय घरात कोणीही असलं तरी रिमोट शोधायची वेळ येत नसे. शिवी नाही, भडक दृश्य नाही.

कारागिरीही होती. 2004 मध्ये त्यांनी एक भाग असा केला की 111 मिनिटं कॅमेरा एकदाही थांबला नाही. एकच सलग शॉट. लिम्का बुकात त्याची नोंद झाली. कॅमेरा खांद्यावर घेऊन शहरभर धावलेल्या माणसाशिवाय हे धाडस कोणाला सुचलं असतं?

ऑक्टोबर 2018 मध्ये मालिका थांबली तेव्हा दीड हजारांहून जास्त भाग झाले होते. त्याच डिसेंबरात सिंग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष झाले. जिथे शिकले, तिथेच. डिसेंबर 2024 मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली, पण तोवर दोन माणसं निघून गेली होती. मार्च 2023 मध्ये प्रदीप उप्पूर गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिनेश फडणीस, म्हणजे पोराबाळांचे लाडके फ्रेडरिक्स.

कौतुक झालं, आणि ते मनापासून आहे. पण मंडळी, इतिहास सांगायचा तर हिशोबाची दुसरी बाजूही मांडायला हवी.

या दीड हजार भागांतले बहुतेक कसे संपतात ते आठवा. शेवटी सगळे संशयित एका खोलीत. प्रद्युम्न साहेब बोटं फिरवत धागे जुळवतात. एक जण घामाघूम होतो. त्याला सणसणीत थप्पड बसते. तो गुन्हा कबूल करतो. साहेब त्याला सांगतात की आता फाशी. संगीत वाजतं, भाग संपतो.

आमच्या घरी असाच एक भाग लागला होता. माझी मुलगी तेव्हा ग्रेड नाइनमध्ये होती. ती म्हणाली, “बाबा, याला वकील का देत नाहीत?” मी म्हटलं, “अगं, त्याने कबूल केलंय ना.” तर म्हणते, “मारल्यावर केलंय.” आजी हसली, मीही हसलो. पण प्रश्न बिनतोड होता.

कायद्याच्या पुस्तकात पाहिलं तर तो आणखीच बिनतोड ठरतो. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम 25 म्हणत होतं की पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. तो कायदा इंग्रजांनी केलेला. त्यांनासुद्धा ठाऊक होतं की चौकीत माणूस काहीही कबूल करतो. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष कायदा आला, त्यातही हा नियम कायम आहे, कलम 23 म्हणून. कबुलीजबाब द्यायचा तर मॅजिस्ट्रेटसमोर, आणि ‘हे सांगायचं तुझ्यावर बंधन नाही, सांगितलंस तर तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल’ असं त्यांनी बजावल्यानंतर. पोलिसापुढे आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, उदाहरणार्थ विहिरीतून सुरा निघाला, तर त्या शोधापुरतं त्याचं बोलणं चालतं. बाकीचं नाही.

महाराष्ट्राच्या 1999 च्या मोक्का कायद्यात याला अपवाद आहे. संघटित गुन्हेगारीच्या खटल्यात पोलिसापुढचा कबुलीजबाब ग्राह्य धरता येतो, पण तो नोंदवणारा अधिकारी किमान पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा हवा. एसीपीचा हुद्दा त्याच्या खाली येतो. म्हणजे सगळे अपवाद धरूनही, आपल्या प्रद्युम्न साहेबांनी ऐकलेली बहुतेक कबुली कोर्टात उभीच राहिली नसती. ज्या क्षणाला मालिका म्हणते ‘केस संपली’, त्या क्षणाला सरकारी वकिलाच्या हातात पुरेसं काही नसतं.

फाशीचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये बच्चन सिंग खटल्यात सांगून ठेवलंय की ही शिक्षा विरळातल्या विरळ गुन्ह्यासाठी आहे. आणि ती न्यायाधीश देतात. साळुंखे डॉक्टरांच्या प्रयोगशाळेबद्दल काय बोलावं! शवविच्छेदन तिथे, विष तिथे, डीएनए तिथे, आणि सगळं पाच मिनिटांत. प्रत्यक्ष मुंबईत शवविच्छेदन हॉस्पिटलमधले डॉक्टर करतात आणि नमुने जातात कालिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत, जिथे ते रांगेत थांबतात.

हे ‘चुका दाखवा’ छापाचं नाही. करमणुकीला एवढी सूट असतेच. मला खुपतं ते वेगळं आहे. डिसेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात अटकेबाबत अकरा नियम घालून दिले, कारण देशभर कोठडीत माणसं मरत होती. नातेवाइकाला कळवा, अटकेची नोंद करा, वैद्यकीय तपासणी करा, वकिलाला भेटू द्या. त्यानंतर वर्षभराने ‘सी.आय.डी.’ सुरू झाली. आणि ज्या निर्मात्याच्या ‘अर्धसत्य’मध्ये कोठडीतली मारहाण ही शोकांतिका होती, त्याच्याच मालिकेत ती टाळीचं वाक्य झाली. थप्पड बसली की आपण सोफ्यावर सावरून बसायला लागलो. वेलणकरचा हात आणि दयाचा हात, यांच्यात पंधराच वर्षांचं अंतर आहे.

याचा दोष एकट्या निर्मात्यांना देणं बरोबर नाही. दोन तासांच्या चित्रपटात जे झेपतं ते वीस वर्षं दर आठवड्याला झेपत नाही. शिवाय ज्या देशात खटले वर्षानुवर्षं चालतात, तिथल्या प्रेक्षकाला निदान टीव्हीवर तरी एका तासात न्याय हवा असतो. ती भूक खरी होती. मालिकेने ती भागवली.

पण दुसरा रस्ता नव्हता असंही नाही. अमेरिकेत डिक वुल्फ नावाच्या निर्मात्याने, जो आधी जाहिराती लिहायचा, सप्टेंबर 1990 मध्ये ‘लॉ अँड ऑर्डर’ सुरू केली. तिची युक्ती साधी होती. पहिला अर्धा भाग पोलिसांचा, दुसरा अर्धा सरकारी वकिलांचा. पहिल्या भागात पोलिसांनी घाईत केलेली चूक दुसऱ्या भागात अंगाशी येते. कबुली जबरदस्तीची निघते, झडती बेकायदा ठरते, आणि कधीकधी गुन्हेगार सुटतो. वुल्फच्या मालिकांवरही टीका होते की त्या पोलिसांची बाजू जास्त घेतात, आणि त्यात तथ्य आहे. तरी पकडणं आणि सिद्ध करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रेक्षकाला दर आठवड्याला दिसत राहिलं. ही मालिका वीस वर्षं सलग चालली, 2022 मध्ये परत आली, आणि 2024 पासून तिची टोरंटो आवृत्तीही निघाली आहे. गार्डिनर एक्सप्रेसवे ओळखू येतो की नाही हे बघायला आपल्यातले बरेच जण बसले होते!

ही रचना आपल्याला परकी नव्हती. ‘तो मी नव्हेच’ने तीच गंमत अठ्ठावीस वर्षं आधी दाखवली होती. आपल्या आजोळात कोर्ट होतं. मुंबईहून निघताना सामानात ते घ्यायचं राहिलं, एवढंच.

आता कोणी म्हणेल, टीव्हीच्या गोष्टीचं एवढं काय घेऊन बसलात? याचं उत्तर इथल्याच टपालपेटीत आहे. कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्या आपल्यापैकी कित्येकांना ओंटारिओ सरकारची ज्यूरीची प्रश्नावली आलेली आहे. मलाही आली. भारतात ज्यूरी कधीच गेली, 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. त्यामुळे आपल्या पिढीने ज्यूरी पाहिलीच नाही. इथे मात्र पील विभागातल्या गंभीर खटल्यासाठी तुम्हाला-मला ब्रॅम्प्टनच्या, ह्युरॉंटारिओ स्ट्रीटवरच्या कोर्टात बोलावलं जाऊ शकतं. फौजदारी खटल्यात बारा जण, आणि निकाल एकमताने. समोर एक माणूस बसलेला असतो आणि त्याचं पुढचं आयुष्य आपल्या ‘हो’ किंवा ‘नाही’वर असतं.

त्या खुर्चीत बसताना आपल्या डोक्यात कुठलं कोर्ट असणार? घामाघूम झालेला माणूस गुन्हेगार, हे आपण दीड हजार भागांत शिकलोय. प्रत्यक्षात निरपराध माणसालाही घाम फुटतो. इथल्या चार्टरच्या कलम 10 ने अटकेतल्या माणसाला लगेच वकिलाशी बोलण्याचा हक्क दिलाय, आणि तो हक्क आहे हे पोलिसांनी त्याला सांगायचंही असतं. अमेरिकन मालिकांसारखा वकील चौकशीभर शेजारी बसेलच असं मात्र इथे नाही. आणि असाच हक्क भारताच्या राज्यघटनेच्या कलम 22 मध्येही आहे, 1950 पासून. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच मला असं द्यावं लागलं की वकील द्यायला हवा होता, तिकडेही आणि इकडेही, फक्त मालिकेने तो दाखवला नाही.

म्हणून ‘सी.आय.डी.’ बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही. आमच्याकडे ती लागते, लागत राहील. एवढंच सुचवेन की या हिवाळ्यात एखाद्या शनिवारी मुलांबरोबर एक भाग पाहावा आणि त्यानंतर ‘अर्धसत्य’ लावावा. थोड्या मोठ्या मुलांसाठी हं, लहानग्यांना तो झेपायचा नाही. किंवा ‘तो मी नव्हेच’ बघा. आणि मग जेवताना विचारा, की ही केस कोर्टात गेली असती तर टिकली असती का? पुरावा काय होता? बारा जणांत तुम्ही असता तर काय म्हणाला असता?

बी. पी. सिंग यांनी वरळीच्या बातम्यांतून उचललेली तपासाची गोष्ट मुंबईहून निघून आपल्या बेसमेंटपर्यंत आली, ही मोठी कामगिरी आहे. त्या गोष्टीचा राहिलेला अर्धा भाग, म्हणजे कोर्टातला, आपण घरच्या घरी जोडू शकतो. त्यासाठी दार तोडायची गरज नाही.